पौषातली पायगाडी

लवू फिटरने आपल्या पायगाडीवरून अख्खी मुंबई पालथी घातली होती, आणि तीही लालबागच्या खोलीबाहेर एकदाही न पडता. संध्याकाळी गिरणीतून यायचं, हातपाय धुवायचे, पेज प्यायची आणि भिंतीला पाठ लावून बसायचं, हा त्याचा नेम. समोरच्या कोपऱ्यात जुन्या लुगड्याने झाकलेली गाडी उभी असायची. लवू हात लांब करून लुगडं सरकवायचा, पुढचं चाक जरासं उचलून एका बोटाने फिरवायचा, आणि चाक घुमायला लागलं की हा निघालाच. लालबागच्या चिंचा मागे पडायच्या, भायखळ्याचा पूल यायचा, मग गिरगावातले माड आणि माडांच्या पलीकडे चौपाटीची वाळू. वाऱ्याने त्याचं मुंडासं सैल व्हायचं. चाक थांबलं की लवू परत खोलीत, आणि त्याची बायको रखमा चुलीपुढून विचारायची, "इलात फिरान?"

"इलंय," तो म्हणायचा, आणि खरोखर दमल्यासारखा पाय चोळत बसायचा.

गाडी त्याच्या घरी आली त्याची गंमतच झाली. गिरणीतला इंजिनेर साहेब कायमचा विलायतेला निघाला. त्याची ती पायगाडी इतके दिवस लवूच सांभाळत होता. साखळीला तेल लवूने घालायचं, चाकाच्या तारा लवूने ओढायच्या, आणि ठीक झाली की नाही ते बघायला गिरणीच्या आवारात दोन फेऱ्याही लवूनेच मारायच्या. जाताना साहेबाने खुर्च्या, पलंग, कुत्रं, सगळं काढून टाकलं. पायगाडीपाशी आला तेव्हा लवूच्या चेहऱ्याकडे बघून त्याला काय वाटलं कोण जाणे. त्याने गाडीच्या मुठी लवूच्या हातात दिल्या आणि पाठ फिरवून चालायला लागला. लवूने ती घरी आणली ती हातात धरून, पायी. बसून नाही आणली. स्वतःच्या गाडीवर पहिल्यांदा बसणं म्हणजे काय असं उरकून टाकायची गोष्ट आहे?

इथेच घोडं पेंड खायला लागलं. गिरणीला सुट्टी रविवारी, तेव्हा बसायचं ते रविवारी सकाळी, हे ठरलं. मार्गशीर्ष चालू होता, आणि त्या साली थंडी अशी पडली की लोकांनी गावाहून आणलेली घोंगडी बाहेर काढली. पहिल्या रविवारी लवू उजाडताच गॅलरीत गेला आणि कठड्यावर बोट फिरवून बघितलं. बोट ओलं झालं. "दंव पडला. लोखंडाक दंव वाईट," तो म्हणाला आणि परत पांघरुणात शिरला. पुढच्या रविवारी दंव नव्हतं, पण उत्तरेचा वारा सुटला होता, आणि गार वाऱ्यात रबर कडक होतं असं साहेब कधीतरी म्हणाल्याचं लवूला नेमकं तेव्हाच आठवलं. त्यानंतरच्या रविवारी दंव नाही, वारा नाही. तर शनिवारचा गिरण्यांचा धूर अजून खालीच तरंगत होता. चकचकीत नळ्यांवर काजळी बसली असती. माणसाला पुढे ढकलायचंच असलं की हवा बिचारी कधीच आडकाठी करत नाही, उलट साथच देते.

लवू काही घाबरट नव्हता. त्याला फक्त असं वाटायचं की अजून एक सकाळ आहे, याहून चांगली, कोवळ्या उन्हाची, आणि ती आपल्यासाठी कुठेतरी राखून ठेवलेली आहे.

त्या सकाळची वाट बघणारं घरात आणखी एक माणूस होतं. मालन, त्याची मुलगी. बारावं लागलेलं, गेल्या वैशाखात लग्न झालेलं. सासर मालवणच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावात. पौष संपला की माघात दीर येऊन तिला घेऊन जाईल असा निरोप येऊन पडला होता. दर रविवारी ती लवूच्या आधी उठून, वेणी घालून, उंबऱ्यावर बसलेली असायची.

"बाबा, आज?"

"आज नको गो. पुढच्या रविवारी."

आणि असं म्हणता म्हणता एके दिवशी मार्गशीर्षच संपला. पौष लागला.

पौष म्हणजे काय, हे रखमाला वेगळं सांगायला नको होतं. पौषात लग्न नाही, मुंज नाही, मुलगी सासरी पाठवणं नाही, नवी वस्तू वापरायला काढणं नाही. रखमाच्या माहेरी तिच्या काकाने हट्टाने पौषात नवी होडी पाण्यात घातली होती. काका गेला, होडीही गेली, आणि काकी मात्र कितीतरी वर्षं संध्याकाळी खाडीकडे तोंड करून बसायची. रखमाने ती बसलेली बघितली होती.

"आता माघापर्यंत ह्या गाडयेक भायर काढूचा नाव काढूचा नाय," तिने सांगून टाकलं.

लवूला आधी बरंच वाटलं. आता रोज कठड्यावर बोट फिरवायला नको. पण मालन उंबऱ्यावरून उठली नाही. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि विचारलं, "बाबा, माघात मी हयसर खंय असतलंय?"

 गाडीला ज्या दिवसांत मुहूर्त लागणार, त्याच दिवसांत पोर जाणार. मार्गशीर्षातले सगळे चांगले रविवार त्याने आपल्या हाताने दंवाला, वाऱ्याला आणि धुराला वाटून टाकले होते.

"तुका गाडयेर बसून काय करूचा आसा?" रखमाने चिडून विचारलं. मालनने वेणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग म्हणाली, "थंय सगळी इचारतली, मुंबयत काय बघलंस? मी काय सांगू? चूल नि नळ?"

रखमाने चुलीतलं लाकूड आत सारलं. ती स्वतः अशीच लहानपणी सासरी आली होती, आणि तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

कोकणातल्या माणसाचं कुठे अडलं की तो देवाला विचारतो. लवूच्या देव्हाऱ्यात गावच्या ओढ्यातून आणलेला एक काळा पाषाण होता. त्याच्या उजव्या अंगाला एक आणि डाव्या अंगाला एक अशा शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बसून राहायचं. उजवी आधी गळली तर देवाचा होकार, डावी गळली तर नकार. लवूने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, चेडू माझा सासराक चल्ला. पौषात तिका गाडयेर बसवलंय तर चलात काय? काय ता सांग म्हाराजा."

"होय म्हाराजा," मायलेकी म्हणाल्या.

देव बोलेना. रात्र गेली, सकाळ झाली, दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. त्या थंडीत आणि दमट हवेत पाकळ्यांखालचं पाणी सुकतच नव्हतं, एवढीच गोष्ट होती, गळणार कुठून? पण ते त्यांच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं. "देव इचार करता," लवू म्हणायचा, आणि मालन देव्हाऱ्यासमोर हनुवटी गुडघ्यावर ठेवून देवाचा विचार कधी संपतो ते बघत बसायची. देव आणि बाप दोघांनाही एकच खोड आहे, असं तिला वाटलं असेल तर त्यात तिची चूक नव्हती.

पौषातला शेवटचा रविवार उद्यावर आला. संध्याकाळी रखमा पदर खोचून उठली. "आज पाकळ्यो मी लावतंय," म्हणाली. तिने देव्हाऱ्याकडे तोंड करून, या दोघांकडे पाठ करून, बराच वेळ काहीतरी खुडबुड केली. लवूने गाऱ्हाणं घातलं. "होय म्हाराजा" म्हणून होतं न होतं तोच उजवी पाकळी टपकन खाली पडली.

मालनने अशी किंकाळी मारली की शेजारणी धावत आल्या.

"देवाचा कौल," रखमा कोरडेपणाने म्हणाली. "आमी कोण नाय म्हणूक?"

सकाळी लवू दिवा लावायला देव्हाऱ्याशी गेला. डावी पाकळी अजून तशीच होती, घट्ट. त्याने सहज बोट लावलं आणि तिच्याखाली काहीतरी लागलं. भाताचं शीत होतं. कागद चिकटवायला लावतात तसं चांगलं दाबून बसवलेलं. आणि उजवी रखमाने कोरडीच टेकवलेली असणार.

लवूने वळून बघितलं. रखमा चुलीपुढे बसून जाळ फुंकत होती, आणि फुंकत होती म्हणण्यापेक्षा फुंकणी हातात धरून बसली होती. काकाची होडी जिने डोळ्यांनी बघितली तिने हे केलं. देवाशी लबाडी करायची भीती आणि पौषाची भीती, दोन्ही तिने एकटीने पोटात घातल्या होत्या, पोरीसाठी. लवूला तिच्याविषयी इतकी माया दाटून आली की त्याला दिव्यात तेल किती झालं ते दिसेना. त्याने पाकळी पुन्हा दाबून बसवली आणि दिवा लावला.

त्या दिवशी हिवाळ्यातलं सगळ्यात जास्त दंव पडलं होतं. लवूने कठड्याला बोटसुद्धा लावलं नाही. दांड्याला गोधडी गुंडाळली, मालनला घोंगडीत लपेटून पुढे बसवलं, आणि पायटा मारला.

धुक्यात लालबाग कुठे संपलं ते कळलंच नाही. गिरण्यांची धुराडी नुसती वरची वरची दिसत होती, खालचं काही नाही. जणू ती वरूनच लोंबत होती. परळला एक गाय रस्त्यात उभी होती, लवूने घंटी वाजवली तशी ती विरघळल्यासारखी बाजूला झाली. दादरच्या भाताच्या मळ्यांवर पांढरं पडून राहिलं होतं आणि त्यातून गाडी चालली होती, आवाज न करता, फक्त साखळीची बारीक कुरकुर. लवूला वाटलं, आपण खोलीतच बसलोय आणि चाक बोटाने फिरवतोय. मग मालनच्या वेणीचं टोक त्याच्या हनुवटीला लागलं, आणि तो जागा झाला, आणि तरी ते सगळं तसंच होतं.

"बाबा," मालन म्हणाली, "दोनच चाकां, एकापाठी एक. मग पडत कशी नाय?"

"चलता म्हणान पडत नाय."

"चलता म्हणान पडत नाय," तिने हळूच म्हणून बघितलं. पाठ करत होती.

प्रभादेवीच्या देवळावरून ते समुद्रावर गेले. माडांतून ऊन यायला लागलं होतं. कोळणी बोंबील वाळत घालत होत्या, त्या हात तसेच वर धरून बघत राहिल्या. एकीने विचारलं, "कुठं न्हेतंस रं पोरीला?" लवूने नुसती घंटी वाजवली. कुठेच नेत नव्हता. ओल्या वाळूच्या कडेने तो जाईल तितका गेला, वळला, पुन्हा गेला.  मालन डोळे मोठे करून एकेक गोष्ट बघून ठेवत होती. लवू आयुष्यात इतका सुखी कधी झाला नव्हता, आणि ते त्याला त्याच वेळी कळतही होतं.

माघात दीर आला आणि मालन गेली. आगबोट सुटताना ती रडली नाही. तिच्याकडे सांगायला काहीतरी होतं ना.

घर मोठं झालं. लवू संध्याकाळी बसायचा, पण चाक फिरवायचा नाही. रखमाही विचारायची नाही. कुणी आलं तर बरं वाटायचं, म्हणून एके संध्याकाळी धोंडू दारात दिसला तेव्हा दोघंही उठून उभी राहिली. धोंडू मालनच्या सासरच्या गावचा, परळच्या एका गिरणीत साच्यावर कापड विणणारा. त्याच दिवशी बोटीने गावाहून परतला होता.

"चेडू बरा आसा ना रे?" रखमाने त्याला बसूही दिलं नाही.

"बरा आसा," धोंडू म्हणाला आणि मुंडासं काढून डोकं खाजवलं. "पण वयनी, तेका जरा सांगून धाडा. फटी मारता म्हणान गावात नाव झाला."

"फटी? माझा चेडू?"

मग त्याने सांगितलं. मालनने सासरी पाऊल टाकलं त्याच दिवशी विहिरीवर बायकांना सांगितलं, की माझ्या बाबांची गाडी आहे, दोन चाकं एकामागे एक, बैल नाही, घोडा नाही, आणि ती पडत नाही. बायका हसल्या. दोन चाकं एकामागे एक लावली तर गाडी आडवीच होणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. पोर हट्टाला पेटली. रोज सांगायची. मग दिराची पोरं तिला "गाडयेवाली" म्हणायला लागली, आणि सासू सखुबाई म्हणाली, मुंबईच्या मुलीला खोटं बोलायची सवय, जाईल हळूहळू. "आता ता काय बोल्ला तरी कोण खरा मानीत नाय," धोंडू म्हणाला. "परवा म्हणाला, सांजचा हींव भरता, ताप येता. सासू म्हणाली, कामाचो कंटाळो. माका इचारशात तर चेडू सुकला हां."

धोंडू गेला. चुलीवरची पेज उतू जाऊन जाळ विझला तरी रखमा हलली नाही. लवू कोपऱ्याकडे बघत बसला होता. इतक्या प्रेमाने पोरीला एक खरी गोष्ट बांधून दिली, आणि तीच तिच्या गळ्याशी आली.

"बोट कधी आसा?" रखमाने विचारलं.

"उद्या."

 रखमाने काडेचिराइताची पुरचुंडी बांधून लवूजवळ दिली, तापावर काढा द्यायला. लवूने मुकादमाला निरोप धाडला आणि गाडीवरचं लुगडं काढून बाजूला ठेवलं.

धक्क्यावर खलाशी त्याच्यावर हसले. एक म्हणाला, "अरे, थंय रस्तो खंय आसा ही चलवूक?"

"नाय आसा," लवू म्हणाला आणि गाडी आत चढवली.

बोटीवर तिला जागा मिळाली ती बाहेर, कोंबड्यांच्या खुराड्यांजवळ. समुद्र खवळलेला होता. खारं पाणी उडून नळ्यांवर, साखळीवर, तारांवर पडत होतं आणि तिथेच सुकत होतं. लवू रात्रभर तिला धरून बसला, पडू नये म्हणून. पुसत बसला नाही. बंदरात उतरल्यावर छोट्या होडीतून खाडी, आणि खाडीपासून पुढे जांभ्या दगडांची पायवाट. तिथे त्याने गाडी खांद्यावर घेतली. शेतातली माणसं कामं टाकून मागे यायला लागली.

सखुबाईचं घर आलं तेव्हा संध्याकाळ होत होती. पुढे शेणाने सारवलेलं खळं, नितळ, सपाट. मालन तुळशीपाशी उभी होती. तिने बापाला बघितलं. सून म्हणून तिला धावत येता येत नव्हतं, ती तुळशीचा कट्टा धरून उभी राहिली. तिचे गाल आत गेले होते.

"या व्याही," सखुबाई ओटीवरून म्हणाली, "पाणी घेवा." आणि खांद्यावरच्या लोखंडाकडे बघत थांबली.

"पाणी मागसून," लवू म्हणाला. त्याने गाडी खाली ठेवली. दोन चाकं, एकामागे एक. मिठाने साखळी करकरत होती. तो बसला आणि त्याने पायटा मारला. तुळशीभोवती एक फेरा झाला, दुसरा झाला, सारवणावर एकात एक चाकोऱ्या उमटल्या. खळ्याच्या कडेला गाव जमलं होतं. गाडी पडत नव्हती.

"मी सांगललंय नाय?" मालन म्हणाली. मग सासूकडे वळून मोठ्याने म्हणाली, "मी सांगललंय नाय?"

सखुबाई ओटीवरून खाली उतरली. तिने लवूकडे बघितलं नाही, गाडीकडेही नाही. सरळ सुनेजवळ गेली आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. हात तिथेच राहिला.

"ताप आसा गो तुका," ती म्हणाली.